वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही: एरंडोलच्या अभ्यासिकेत घोडं नक्की अडतं कुठे?

मे महिन्यातली सकाळ, साडेदहाची वेळ. एरंडोल बस स्टँडपासून पायी दहा मिनिटांवर एक अभ्यासिका आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर हॉल. हॉलमध्ये साठेक खुर्च्या, दोन कूलर, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि कोपऱ्यात उंचावर टांगलेला दोन अँटेनांचा पांढरा राउटर. माझा मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, त्याच्यासोबत मी तिथे जाऊन बसले होते. दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी शेजारच्याला हळूच विचारायचं, "काय रे भो, नेट चाली राह्यनं का?" शेजारचा फोन दाखवायचा. वर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, खाली व्हिडिओवर गोल गोल फिरणारं चक्र.

संचालक काका वैतागले होते. "गेल्या वर्षी ३० एमबीपीएसचा प्लॅन होता, आता १०० चा घेतला. पैसे वाढले, तक्रारी तेवढ्याच," ते म्हणाले. त्यांचा उपाय एकच होता. राउटरचं बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, परत चालू करायचं. मग पंधरा-वीस मिनिटं सगळं सुरळीत, आणि पुन्हा तेच.

हा अनुभव तुम्हालाही आला असेल. लग्नाच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या लायब्ररीत, रेल्वे स्टेशनवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. सिग्नल फुल, नेट गुल. आपण लगेच कंपनीला शिव्या घालतो. कधी कधी चूक कंपनीची असतेही. पण गर्दीच्या जागी बहुतेक वेळा अडचण बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये नसतेच, ती हॉलमधल्या हवेत असते.

आधी हे इतकं महत्त्वाचं का आहे ते पाहू

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्याला हे ६० रुपये जाणवणार नाहीत. अभ्यासिकेची महिन्याची फी, एसटीचा पास आणि टेस्ट सिरीजचे पैसे घरून मागून आणणाऱ्याला ते नक्की जाणवतात.

त्यात दीड जीबी म्हणजे किती? ४८० पिक्सेलवर लेक्चर पाहिलं तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो. म्हणजे तीन लेक्चर झाली की दिवसाचा डेटा संपला. मावसभावाचा डेटा दुपारी दोनच्या आत संपतो. त्यानंतर टेस्ट द्यायची, उत्तरपत्रिका तपासायची, फॉर्म भरायचा, सगळं वाय-फायवर. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की काय होतं हे वेगळं सांगायला नको. पैसे कापले जातात, पावती येत नाही, आणि नेमकं त्याच क्षणी वाय-फायचं चक्र फिरायला लागतं.

सार्वजनिक वाय-फायवर अभ्यास होत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने २०१८ सालची केरळची बातमी आठवावी. एर्नाकुलम जंक्शनवर हमाली करणाऱ्या एका तरुणाने स्टेशनच्या मोफत वाय-फायवर लेक्चर ऐकत केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली होती. ती बातमी आपण सगळ्यांनी 'प्रेरणादायी' म्हणून शेअर केली. त्या स्टेशनवरच्या वाय-फायला एका वेळी किती लोक जोडता येत होते, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

१०० एमबीपीएस साठ जणांना पुरत नाही?

साधा भागाकार करू. साठ जण एकाच वेळी ४८० पिक्सेलवर लेक्चर पाहताहेत असं धरलं, तर प्रत्येकाला साधारण १ ते सव्वा एमबीपीएस लागतो. साठ गुणिले सव्वा म्हणजे ७५. कागदावर १०० चा प्लॅन पुरून उरतो. म्हणजे काकांनी प्लॅन वाढवला त्यात गणित चुकलं नव्हतं. फक्त ज्या नळाला चावी लावली तो नळ तुंबलेलाच नव्हता.

केबलमधून १०० एमबीपीएस राउटरपर्यंत येतात. राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा प्रवास मात्र रेडिओ लहरींवर होतो, आणि तिथला नियम वेगळा आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. राउटर बोलत असेल तर सगळे फोन गप्प. एक फोन बोलत असेल तर राउटरही गप्प आणि बाकीचे एकोणसाठही गप्प.

ग्रामसभा डोळ्यासमोर आणा, पण माइक एकच आणि अध्यक्ष नाही. ज्याला बोलायचंय त्याने आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर क्षणभर थांबायचं आणि मग सुरुवात करायची. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर कुणाचंच काही कळत नाही. मग दोघांनी आपापल्या मनाने कमी-जास्त वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दहा माणसांत हे छान चालतं. साठ माणसांत बोलण्यापेक्षा थांबण्यातच जास्त वेळ जातो.

ही युक्ती आजची नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले, त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. तिथे तर आधी ऐकण्याचीही पद्धत नव्हती. ज्याला हवं त्याने पाठवायचं, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं. गणिताने दिसलं की अशा पद्धतीत चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो, बाकीचा टकरींत आणि शांततेत वाया जातो. वाय-फायने 'आधी ऐका, मग बोला' हा नियम आणून यात बरीच सुधारणा केली. पण रेडिओची एक अडचण कायम राहिली. साधं वाय-फाय उपकरण ज्या चॅनलवर बोलतं त्यावर त्याच वेळी ऐकू शकत नाही. त्यामुळे टक्कर झाली हे त्याला लगेच कळत नाही. समोरून पोच आली नाही, यावरून ते अंदाज बांधतं.

आणि हा अंदाज अनेकदा चुकतो. पोच आली नाही की फोनला वाटतं, सिग्नल कमजोर असेल. मग तो सावकाश बोलायला लागतो, म्हणजे कमी स्पीडवर पाठवतो. सावकाश बोलल्यामुळे माइक जास्त वेळ अडतो. माइक अडल्यामुळे रांग वाढते, रांग वाढल्यामुळे टकरी वाढतात. टकरी वाढल्या की आणखी फोन सावकाश बोलायला लागतात. गर्दीचं वाय-फाय हळूहळू मंद न होता एकदम का कोसळतं, याचं उत्तर या चक्रात आहे.

सगळ्यात मागच्या खुर्चीवरचा फोन

हॉलच्या मागे जिन्याजवळ मुलींसाठी एक छोटी खोली आहे. मध्ये विटांची भिंत. तिथल्या फोनला राउटरचा आवाज क्षीण ऐकू येतो, म्हणून तो कमी स्पीडवर बोलतो. याचा फटका एकट्या त्या फोनला बसतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो सगळ्यांनाच बसतो.

डेटाचं एक नेहमीच्या आकाराचं पाकीट, १५०० बाइटचं, राउटरजवळचा साधा फोन ७२ एमबीपीएसच्या दराने सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात पाठवून मोकळा होतो. तेच पाकीट १ एमबीपीएसच्या जुन्या दराने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे जवळपास सत्तर पट. तेवढा वेळ बाकी सगळे हात बांधून बसलेले. आणि साधा राउटर पाळी देताना 'एकाला एक पाकीट' असा समान न्याय लावतो, वेळ मोजत नाही. त्यामुळे हळू बोलणारा एक जण साऱ्या सभेचा वेग ठरवतो.

मागच्या खोलीतल्या मुलींना 'तुमच्यामुळे नेट स्लो होतं' असं ऐकावं लागतं, हे मला तिथेच कळलं. तांत्रिकदृष्ट्या ते अर्धं खरंही आहे. पण राउटर कुठे टांगायचा हे त्यांनी ठरवलेलं नाही. तो पुढच्या कोपऱ्यात आहे, कारण केबल तिथून आत आली.

कोपऱ्यातला राउटर एकटा नसतो

मी फोनवर एक मोफत वाय-फाय ॲनालायझर ॲप उघडलं. अभ्यासिकेच्या राउटरशिवाय अजून सतरा नावं दिसली. शेजारचं मेडिकल, समोरचा मोबाइलवाला, वरच्या मजल्यावरचं घर. आणि चक्क अभ्यासिकेतल्याच पोरांचे पाच हॉटस्पॉट! वाय-फाय चालत नाही म्हणून एकाने हॉटस्पॉट लावला, मित्राला दिला, आणि त्यामुळे वाय-फाय आणखी बिघडलं.

प्रत्येक राउटर आणि प्रत्येक हॉटस्पॉट सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी आरोळी ठोकतो. ही आरोळी सगळ्यांना ऐकू जावी म्हणून ती बहुधा सर्वांत कमी स्पीडवर दिली जाते. जुन्या १ एमबीपीएसच्या दराने एका आरोळीला दोन-तीन मिलिसेकंद जातात. म्हणजे प्रत्येक नावामागे चॅनलचा दोन-तीन टक्के वेळ गेला. एकाच चॅनलवर दहा नावं असतील तर कुणी एक बाइटही डाउनलोड न करता पाव वेळ फक्त आरोळ्यांत संपला.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल फक्त तीन आहेत: १, ६ आणि ११. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे त्यात वाय-फाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळेच दाटीवाटीने राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या मानाने मोकळा माळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग घराबाहेरच्या वापरासकट परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून कमी जातात, हा त्यांचा दोष म्हणून सांगितला जातो. गर्दीच्या जागी मात्र तो गुण ठरतो. शेजारच्या मेडिकलचा गोंगाट आत येत नाही.

काकांचा राउटर दोन्ही पट्ट्यांचा होता, मला वाटलं चला, सुटलो. पण ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवलेलं होतं, त्याचा पासवर्डही वेगळा, आणि तो फक्त काकांच्या घरच्यांना माहीत होता. एकोणसाठ जण एका पट्ट्यात कोंबलेले आणि दुसऱ्या पट्ट्यात एकटा काकांचा टीव्ही.

बरं, मग बंद-चालू केल्यावर का चालतं?

कारण गर्दीत हवेशिवाय अजून दोन गोष्टी भरतात, आणि त्या राउटरच्या पोटात असतात.

पहिली गोष्ट म्हणजे पत्ते. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आयपी पत्ता देतो. घरगुती राउटरकडे असे जास्तीत जास्त अडीचशे पत्ते असतात, आणि अनेक राउटरमध्ये कंपनीने सुरुवातीला शंभरच वाटायला ठेवलेले असतात. पत्ता ठराविक मुदतीसाठी दिला जातो, काही राउटरमध्ये ती मुदत थेट २४ तासांची असते. आता हिशेब करा. सकाळच्या बॅचला साठ जण आले, काहींकडे लॅपटॉपही आहे. ते दुपारी एकला घरी गेले, पण त्यांचे पत्ते दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांच्याच नावावर. दुपारची बॅच आली की निम्म्या लोकांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावरच अडकतात. रिकामी खुर्ची आहे, पण तिच्यावर रुमाल टाकलेला आहे. एसटीत चढणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवही. एक फोन एका वेळी एकच काम करतो असं नाही. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, ॲप अपडेट, फोटोंचा बॅकअप, असं करत तो एकटाच डझनावारी जोडण्या उघडून बसतो. राउटरला प्रत्येकीची नोंद ठेवावी लागते. दीड-दोन हजारांच्या राउटरची मेमरी त्या मानाने तुटपुंजी. शिवाय एका वेळी किती उपकरणं जोडून घ्यायची याचीही मर्यादा असते, घरगुती राउटरमध्ये ती अनेकदा एका पट्ट्याला तीसेकच्या आसपास असते. बंद-चालू केलं की नोंदवही कोरी होते, सगळे बाहेर पडतात, आणि जे पटकन जोडले जातात ते खूश. बाकीचे? ते पुन्हा रांगेत. एरंडोलमध्ये लाइट जाऊन आली की हेच आपोआप घडतं. साठ फोन एकाच सेकंदाला दारावर धडका मारतात.

स्टीव्ह जॉब्सची पण फजिती झाली होती

जून २०१० ची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलचा कार्यक्रम, आयफोन ४ पहिल्यांदा जगासमोर येतोय, आणि स्टेजवर जॉब्स यांच्या हातातल्या फोनवर वेब पेज उघडेना. कंपनी ॲपल, पैसा भरपूर, इंजिनिअर दिमतीला. तपासलं तेव्हा कळलं की हॉलमध्ये ५७० वाय-फाय स्रोत चालू आहेत, त्यात पत्रकारांनी सोबत आणलेले खिशातले हॉटस्पॉट मोठ्या संख्येने. जॉब्स यांनी काय केलं? लॅपटॉप मिटा, हॉटस्पॉट बंद करा, अशी प्रेक्षकांना विनंती केली. त्या क्षणी हाताशी दुसरा उपाय नव्हता.

मला हा किस्सा आवडतो कारण त्यात यंत्र बदललं नाही, माणसांना विचारलं गेलं.

सरकारचं काय चाललंय?

सार्वजनिक वाय-फायच्या घोषणा आपल्याकडे कमी झाल्या नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर रेलटेल आणि गुगलने मोफत वाय-फाय सुरू केलं, जून २०१८ पर्यंत ते ४०० स्टेशनांवर पोचलं. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी 'आपले सरकार' वाय-फाय सुरू केलं, त्याच वर्षी १ मेपर्यंत १२०० चं लक्ष्य होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने आपला कार्यक्रम आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं की भारतात मोबाइल डेटा आता खूप स्वस्त झालाय, लोकांना स्टेशनच्या वाय-फायची तेवढी गरज उरली नाही. रेलटेलने स्टेशनवरची सेवा पुढे चालू ठेवली. तिथे रोज पहिली ३० मिनिटं १ एमबीपीएसने मोफत, पुढे पैसे भरून जास्त स्पीड अशी रचना आहे. ही रचना कंजूषपणाची वाटते, पण वरचं सगळं वाचल्यावर तिच्यामागचा विचार कळतो. वेळ आणि स्पीड दोन्हींना लगाम घातला नाही, तर फलाटावरचे पहिले वीस जण बाकीच्यांसाठी काहीच उरू देणार नाहीत.

अभ्यासिकेशी थेट संबंध आहे तो पीएम-वाणी योजनेचा. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. कल्पना जुन्या एसटीडी-पीसीओसारखी आहे. किराणा दुकानदार, चहावाला, अभ्यासिका चालवणारा, कुणीही ब्रॉडबँड घेऊन वाय-फाय विकू शकतो. त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. ग्राहकाची ओळख पटवणं, ओटीपी, हिशेब ही कामं वरची एक कंपनी करते. त्याआधी २०१७ मध्ये ट्रायने जो प्रयोग मांडला होता त्यात २ ते २० रुपयांच्या छोट्या डेटा पुड्यांची कल्पना होती. शाम्पूच्या पुडीसारखी.

ओळख पटवण्याचा आग्रह कुठून आला हेही सांगते, कारण त्याचा संबंध महाराष्ट्राशी आहे. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तपास नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायपर्यंत पोचला. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा कुणीतरी तिसऱ्यानेच वापर केला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. फळ्यावर खडूने पासवर्ड लिहिणाऱ्या प्रत्येक संचालकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. उद्या काही भानगड झाली तर पोलीस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येणार.

मग अभ्यासिकांनी पीएम-वाणी का घेतली नाही? २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. २०२४ संपताना पीएम-वाणीचा आकडा अडीच लाखांच्या आसपास होता. मोठं कारण पैशाचं. छोट्या दुकानदाराला घरगुती दराचं कनेक्शन देण्याऐवजी कंपन्या अनेकदा महागड्या लीज्ड लाइनचा आग्रह धरत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने मसुदा काढला की अशा हॉटस्पॉटवाल्याला घरगुती ग्राहकाच्याच दरात कनेक्शन द्या. टेलिकॉम कंपन्यांनी विरोध केला. अखेर १६ जून २०२५ च्या आदेशात मधला मार्ग निघाला: २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर कनेक्शनसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत.

माझं मत विचाराल तर दुप्पट ही तडजोड कंपन्यांच्या बाजूला झुकलेली आहे. पण लीज्ड लाइनच्या तुलनेत ती परवडणारी आहे, आणि एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावात ती वापरून पाहण्यासारखी आहे. काकांनी हे नावही ऐकलं नव्हतं. त्यात त्यांचा दोष काय?

६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा खुला करण्याचाही विषय आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. आपल्याकडे मे २०२५ मध्ये त्यातल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम आले. चांगलंच आहे. पण त्यासाठी राउटरही नवा हवा आणि फोनही नवा. दहा-बारा हजारांच्या फोनवर अभ्यास करणाऱ्याला त्याचा उपयोग व्हायला वेळ लागेल.

त्या दिवशी आम्ही काय बदललं

मी इंजिनिअर नाही, मास कॉम केलंय. पण राउटरचं सेटिंग पेज उघडायला पदवी लागत नाही. काकांच्या परवानगीने, मावसभाऊ आणि त्याच्या एका डिप्लोमावाल्या मित्राला घेऊन बसले.

आधी ५ गिगाहर्ट्झचा पासवर्ड सगळ्यांना दिला. ज्यांच्या फोनमध्ये तो पट्टा आहे त्यांनी तिकडे जायचं, ज्यांच्यात नाही त्यांनीच २.४ वर राहायचं. साठातले साधारण चाळीस जण हलले. पत्त्यांची मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली आणि वाटायचे पत्ते शंभरवरून अडीचशे केले. २.४ चा चॅनल 'ऑटो' वर होता, ॲपमध्ये त्यातल्या त्यात रिकामा दिसलेला ११ पक्का केला आणि रुंदी ४० वरून २० वर आणली. जास्त रुंदी म्हणजे जास्त स्पीड, हे एकट्या घरासाठी ठीक आहे. गर्दीत रुंद चॅनल म्हणजे अरुंद गल्लीत ट्रॅक्टर आडवा लावणं. शेवटी प्रत्येक उपकरणाला २ एमबीपीएसची कमाल मर्यादा घातली. लेक्चर त्यात व्यवस्थित चालतं. ४के रील चालत नाहीत, नि त्याबद्दल कुणी तक्रार केली तर ती ऐकून घ्यायची नाही असं काकांनी जाहीर केलं.

एक मुलगा म्हणाला, बाहेरचे लोक जिन्यात बसून आपलं वाय-फाय वापरतात, त्यांचे मॅक ॲड्रेस ब्लॉक करू. पूर्वी हा उपाय चालायचा. आता अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, तात्पुरता पत्ता दाखवतात. तुमच्या खाजगीपणासाठी ते उत्तम आहे. पण ब्लॉक केलेला माणूस एक सेटिंग बदलून नव्या नावाने पुन्हा दारात उभा राहतो. त्यापेक्षा दर सोमवारी पासवर्ड बदलणं सोपं.

आणखी एक सल्ला काकांना आधीच कुणीतरी दिला होता, मागच्या खोलीसाठी हजार रुपयांचा रिपीटर. तो घेऊ नका म्हटलं. साधा रिपीटर तोच चॅनल वापरून प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो, म्हणजे आधीच अडलेला माइक दुप्पट अडतो. त्याऐवजी पंधरा मीटर लॅन केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा साधा ॲक्सेस पॉइंट लावायचा, त्याला वेगळा चॅनल द्यायचा आणि दोघांचीही ताकद थोडी कमी ठेवायची. ताकद कमी का? म्हणजे मागचे फोन मागच्यालाच जोडतील, पुढच्याला चिकटून बसणार नाहीत. फोन हे बाबतीत फार हट्टी असतात. एकदा धरलेला राउटर सिग्नल जाईपर्यंत सोडत नाहीत.

हॉटस्पॉट बंद करण्याचा विषय राहिला होता. तो सेटिंगने सुटणारा नव्हता. पाचही जणांनी लगेच बंद केले असं नाही. एकाने स्पष्ट विचारलं, "ताई, वाय-फाय पुन्हा बंद पडलं तर?" त्याचं म्हणणं खरं होतं.

पण पाळी कोणाची?

दुपारी नेट बरं चालू लागलं. सगळं सुटलं असं नाही. साडेचारच्या सुमारास पुन्हा चक्र फिरायला लागलं, कारण टेस्ट सिरीजची वेळ तीच आणि संध्याकाळची बॅचही तेव्हाच येते. काकांनी सुचवलं, जड डाउनलोड रात्री आठनंतर करा, तेव्हा हॉल रिकामा असतो. ऐकायला योग्य वाटलं.

मागच्या खोलीतल्या तिघी एकमेकींकडे बघत होत्या. एक कासोद्याहून येते, एक उत्राणहून, एक रिंगणगावहून. तिघींना संध्याकाळची एसटी धरावी लागते, आठला त्या कधीच नसतात. म्हणजे जो स्वस्त आणि मोकळा वेळ आहे तो गावातल्या मुलांचा. दाटीचा वेळ मात्र बाहेरगावच्या मुलींच्या वाट्याला. राउटरमध्ये 'समान वाटप' चालू करता येतं, पण त्याला एसटीचं वेळापत्रक माहीत नसतं.

त्यांच्यातल्या एकीनेच मग तोडगा मांडला. सकाळी साडेआठला हॉल उघडतो, मुलं दहाशिवाय येत नाहीत. तो दीड तास लेक्चर उतरवून घ्यायला आम्हाला द्या, तेव्हा मर्यादा काढून टाका. डिप्लोमावाल्या मित्राने राउटरमध्ये पाहिलं. वेळेनुसार मर्यादा बदलायची सोय त्या मॉडेलमध्ये नव्हती. काका म्हणाले, "मी रोज हाताने करीन. बटण कुठंय तेवढं दाखवा."

त्यांनी ते एका वहीच्या पानावर लिहून घेतलं, आणि पान राउटरच्या खाली चिकटवलं.